एकोणीस लिहा, सिस्टर

मी वयाच्या रकान्यात एकोणीस लिहिलं की आमचा सरकारी दवाखाना हातभर आखडतो. आधी औषधांची खोली गेली. मग बाळंतिणींची, नऊ खाटांसकट. मागच्या मंगळवारी दरवाजा गेला. आता लोक खिडकीतून येतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

डॉक्टर डोईफोडे दोन वर्षांपूर्वी मला म्हणाले होते, "एकोणीस लिहा, सिस्टर. खरं वय लिहिलं तर पोलिसांना कळवावं लागतं. मग पोरी बाळंतपणाला यायच्याच बंद होतील."

मला पटलं. काय मूर्ख होते मी! ऊसतोडीला निघायच्या आधी पोरींची लग्नं उरकणारं हे गाव. डॉक्टरांची खोली गेली तेव्हा डॉक्टर आतच होते. भिंतीला कान लावला की त्यांचा खोकला ऐकू येतो.

तालुक्याहून साहेब आले, मोजायची फीत घेऊन.

"एकोणीसच्या बाईला किती लागतं?"

"तीन दिवस खाट. रक्त सहसा लागत नाही."

"आणि या पोरींना?"

"बारा दिवस खाट, चार बाटल्या रक्त. बाळ महिनाभर काचेच्या पेटीत."

"कागदावर सगळ्या एकोणीसच्या. सामान तेवढंच येतं. मग वरचं कुठून आणलंत?"

"भिंतीतून."

साहेबांनी ते लिहून घेतलं. "काटकसर करा," म्हणाले आणि खिडकीतून उतरून गेले. मेल्याने माझ्याकडे एकदाही वर मान करून पाहिलं नाही.

आता एक टेबल, एक खुर्ची आणि मी एवढंच उरलंय. टेबलावर रेणुका आहे. केसांना शाळेची लाल रिबीन, पाय सुजलेले, ओठ पांढरे पडलेले. टेबलावरून माझ्या चपलेवर रक्त टपकतंय. तिची सासू खिडकीबाहेर उभी आहे.

"एकोणीस लिवा," सासू म्हणाली.

"मावशी, आता एकोणीस लिहिलं तर हे टेबलसुद्धा जाईल. पोरीला ठेवू कुठे?"

"तुमच्या बापाचं काय जातंय? खरं लिवलं तर अशीच उचलून घरी नेते. पोलिसाचं झेंगट नको मला."

"घरी मरेल ती."

"मग लिवा की एकोणीस."

असा संताप आला की रजिस्टर तिच्या तोंडावर फेकावं वाटलं. पण हात मागे न्यायला जागा नव्हती.

"किती गं वय तुझं?" मी रेणुकाला विचारलं.

"चौदा." मग हळूच म्हणाली, "बाई, मी इथंच राहू?"

"राहा," मी म्हणाले आणि पेन उचललं. चौदाच लिहायचं ठरवलं होतं, देवाशप्पथ. पण भिंतीला माझी सवय झालीय. ती आता आकड्याची वाट बघत नाही, पेन उचललं की आत सरकायला लागते.

सासूने खिडकीतून हात घालून रेणुकाचा घोटा पकडला. खिडकी आता तेवढ्या हातापुरतीच होती. भिंतीत डॉक्टर खोकले.

"एकोणीस लिहा, सिस्टर."

मी एकचा आकडा काढला. पुढचा आकडा, चार किंवा नऊ, काढायला कोपर हलवावं लागतं, आणि भिंत कोपराला टेकली होती.