कानबाईचा दुसरा नारळ

मित्रांनो, मी एक जुना नारळ आहे. म्हणजे गेल्या शनिवारपर्यंत जवळजवळ सगळे मला जुना समजत होते, आणि खरं सांगायचं तर मीही तसंच समजायला लागलो होतो. त्या दिवशी जे घडलं, त्याचा धक्का अजून माझ्या करवंटीतून गेलेला नाही.

आमच्या खानदेशात श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. चौरंगावर नारळ ठेवायचा, त्याला नथ घालायची, वस्त्र नेसवायचं, तीच कानबाई. हा नारळ दरवर्षी नवा आणत नाहीत. पणजोबाच्या वेळचा एकच नारळ पिढ्यान्‌पिढ्या जपतात.

माझा जन्म कुठल्या झाडावर झाला ते आठवत नाही. आठवतो तो तळोद्याचा बाजार. एकोणीस वर्षांपूर्वी प्रमिलाबाई तिथं जीपमधून उतरल्या. त्यांचं गाव म्हसावदजवळचं. म्हसावदला नारळ मिळत नाहीत का? मिळतात, पण तिथं ओळखीचं माणूस भेटतं. दहा-बारा नारळ कानाशी हलवून त्यांनी मला निवडलं. घरी नेल्यावर आठ दिवस मला चुलीवर टांगून धूर दिला, तूप चोळलं, हळदीकुंकवाचे थर चढवले. नवव्या दिवशी मी शंभरीचा म्हातारा दिसू लागलो. इतक्या झटपट म्हातारपण कुणालाच आलं नसेल!

या खटाटोपाचं कारण मला घरातल्या कुजबुजीतून कळलं. त्यांची नवी थोरली सून दीपमाला पहिल्याच श्रावणात देवघर पुसत होती. ओल्या हातातून पिढीजात नारळ निसटला, उंबऱ्यावर आपटला आणि फुटला. कानबाईचा नारळ फुटणं म्हणजे घरावर संकट, असं मानणारे सासरे तेव्हा हयात होते. पोरीला तोंड उघडू न देता सासू थेट तळोद्याला गेली. जुना नारळ नदीत सोडला असेल, असं मी धरून चाललो होतो.

मग माझे सुगीचे दिवस आले. "काय तेज शे कानबाईवर!" असं बाया म्हणायच्या. नाकात नथ आल्यावर कोण भाव खाणार नाही? मी फुगलो. दीपमाला मात्र माझ्याकडे कधी सरळ बघायची नाही. घरात कुणाला ताप आला की तिचा चेहरा उतरायचा. मला तिची फार कणव यायची.

अकरा वर्षांपूर्वी सासरे गेले आणि दोघं भाऊ वेगळे झाले. शेत सुखानं वाटलं, भांडण लागलं ते माझ्यावरून. थोरला रतिलाल म्हणाला, कानबाई थोरल्याची. धाकटा नवनीत म्हणाला, बापानं मरताना मला दिली. दोघं माझं वस्त्र दोन टोकांनी ओढत होते. शेवटी नवनीत पायऱ्या उतरला तो उतरलाच. घर दोन गल्ल्यांपलीकडं, पण त्यानं पुन्हा इथले रोट, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या गव्हाच्या पोळ्या, खाल्ले नाहीत. भाऊबंदांनी कानबाईचे रोट एकत्र न खाणं म्हणजे नातं संपल्यासारखंच. प्रमिलाबाई दर श्रावणात माझ्यासमोर बसून डोळे पुसायच्या, आणि मी लाकडासारखा गप्प.

आता गेला शनिवार, कानबाई बसण्याचा आदला दिवस. माळ्यावर वाळवी लागली म्हणून सगळ्या पेट्या अंगणात उतरवल्या होत्या. वडिलांच्या वस्तूंत वाटा आहे म्हणून नवनीतलाही निरोप गेला होता. तो आला, पण ओट्यावर टेकला नाही. पेट्यांतून वडिलांचा चष्मा निघाला, पितळी अडकित्ता निघाला, लग्नातले पिवळे पडलेले फोटो निघाले. फोटो बघताना दोघं भाऊ अर्धवट हसलेसुद्धा. मग रतिलालनं तळाचं गाठोडं सोडलं.

आत काळ्याभोर नारळाची दोन भकलं होती. त्यांना जुन्या चांदीच्या नथीची तार अजून गुंतलेली होती.

मित्रांनो, मी हबकलो! तो नदीत नव्हता. एकोणीस वर्षं माझ्याच डोक्यावर, माळ्यावर होता.

"हाऊ काय शे?" रतिलालनं भकलं उचलली. "मंग देवघरमा काय शे?"

नवनीत पुढं आला. "अकरा वरीस आपू कसानंकरता भांडी ऱ्हायनूत, भाऊ?"

"मी फोडं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "मन्हा हातथीन पडनं."

"नई!" दीपमाला परात टाकून पुढं आली. "मन्हा हातथीन पडनं. यासनी मन्हं पाप झाकं."

रतिलाल आईकडं वळला. "तू आमले अकरा वरीस भांडू दिधं? बोलनी का नई, माय?"

"बोलती ते तुम्हीन हाई पोरले माहेरले धाडी देतात," प्रमिलाबाई म्हणाल्या. "पोऱ्या रुसना ते आज ना उद्या घर यी. तिनं घर मोडतं ते कोन बांधतं?"

मुलगा दुरावला तरी बाईनं सून राखली होती. हे ऐकून मला माझ्या नथीची लाज वाटली.

नवनीत खाली बसला. त्यानं ती दोन भकलं जुळवून पाहिली. मग उलटी पडलेली परात सरळ केली आणि म्हणाला, "वहिनी, रोटना गहू काढ. मन्ही बी मूठ टाकनी शे."

या घरात रोटाचे गहू पुरुषांच्या नावानं घेतात, एकेकाची सव्वा मूठ. बायकांच्या नावाची मूठ नसते. दीपमालानं गव्हाचा डबा आणला, नवनीतनं आपली मूठ परातीत टाकली. रतिलालनं आपली टाकली. आता परात उचलायची म्हणून दीपमाला वाकली, तर रतिलालनं तिचा हात धरला, गव्हात पुन्हा मूठ घातली आणि परातीत सोडली.

"हाई दीपमालानी," तो म्हणाला.

प्रमिलाबाईंनी तोंडाला पदर लावला. या घरात हे कधीच घडलं नव्हतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा, त्यांना वाळवी लागू देऊ नका. पण आमच्यापायी माणूस धाकात जगत असेल, तर आम्हाला खुशाल फुटू द्या. रविवारी चौरंगावर मलाच बसवलं. दीपमालानं मला नथ घातली, आणि पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघितलं.