रिकाम्या घराचं कुलूप

मी कुलूप बोलतोय. तोंड फुटलंय माझं, तेव्हा शब्द अडखळले तर सांभाळून घ्या.

माझ्यासारखी चारशे भावंडं एकाच टेम्पोतून चार मजली नव्या इमारतींत आली. सरकारनं ही घरं बेघरांसाठी बांधली होती. मला तळमजल्यावर तीन नंबरच्या दाराला अडकवलं. "आठवड्यात चाव्या वाटू," मंत्री म्हणाले. मग निवडणूक लागली. नव्या मंत्र्यांनी जुनी यादी बोगस ठरवली. मग नवी यादी, तिची चौकशी, चौकशीवर समिती. पाच वर्षं माझ्या पोटात किल्ली फिरली नाही.

समोरच्या कुंपणाला टेकून ताडपत्रीच्या झोपड्या होत्या. एकीत बिगारी काम करणारी एक विधवा आणि तिची म्हातारी सासू राहायची. याच जिन्यांवरून तिनं वाळूची घमेली वाहिली होती. तिचा गवंडी नवरा याच इमारतीच्या परांचीवरून पडून मेला होता. पहिल्या यादीत तिचं नाव होतं. तो कागद तिनं पिशवीत जपून ठेवला होता. इमारतीच्या राखणदाराला ती दादा म्हणायची. सगळ्या दारांच्या किल्ल्या त्याच्या कमरेला असायच्या, पण झोपायचा तो जिन्याखाली. घर त्यालाही नव्हतं.

एका सकाळी मंत्र्यांचा दौरा ठरला. वाटेत झोपडी दिसता कामा नये, असा हुकूम निघाला. बुलडोझर आला, मागोमाग पोलीस.

"थांबा हो! सासू आत आहे!" ती ओरडत धावली. एका शिपायानं तिला केसांनी मागे खेचलं. ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली, तशी कोपरावर लाठी बसली. तोवर लोखंडी पंजा ताडपत्रीत शिरला होता. बांबू काडकन मोडले आणि आतून एकच किंकाळी आली.

लोक सैरावैरा पळत होते, दगड उडत होते. त्या धुळीतून तिनं सासूला पाठीवर घेऊन माझ्या दारापर्यंत आणलं. म्हातारीच्या मांडीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं.

"दादा, किल्ली द्या. हिला आत टेकवू द्या."

"वहिनी, नोकरी जाईल माझी."

"इथं जीव चाललाय हिचा!"

राखणदाराचा हात कमरेपाशी गेला आणि तिथंच राहिला. मग त्यानं पाठ फिरवली.

तिनं ढिगाऱ्यातली पहार उचलली. पहिला घाव निसटून तिचाच अंगठा फुटला. तिचं गरम रक्त माझ्या भोकात उतरलं. दुसरा घाव, तिसरा घाव. माझं तोंड वाकलं, तरी कडी सुटेना. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. सातव्या घावाला मी तुटलो.

तिनं सासूला उघड्या फरशीवर निजवलं. म्हातारीनं छताकडे पाहिलं.

"आपलंच का गं?"

"हो आई, आपलंच."

म्हातारी पुन्हा बोलली नाही.

पोलीस आत घुसले तेव्हा ती प्रेताला कवटाळून बसली होती. लाठ्या पाठीवर पडल्या, डोक्यावर पडल्या. भिंतीच्या चुन्यावर रक्ताच्या चिळकांड्या उडाल्या. तेव्हा कुठे राखणदार धावत आला आणि तिच्यावर आडवा पडला. त्याचे तीन दात माझ्या शेजारी येऊन पडले.

"अतिक्रमण खपवून घेणार नाही," मंत्री त्या संध्याकाळी म्हणाले. विरोधकांचे पुढारी दवाखान्यात आले, तिचा हात धरून फोटो काढला आणि म्हणाले, "आमचं सरकार येऊ द्या, ताई." त्यांचं सरकार आलं. त्यांनी आणखी एक समिती नेमली.

म्हातारी ढिगाऱ्याखाली अपघातानं गेली, अशी नोंद झाली. खटला सुनेवर चालला, घरफोडीचा. माझ्या गळ्यात चिठ्ठी बांधून मला टेबलावर ठेवलं होतं.

"कुलूप कोणी तोडलं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"मी," ती म्हणाली.

नोकरी गेलेला राखणदार साक्षीला उभा राहिला. "साहेब, किल्ली माझ्याकडे होती. हिनं हात जोडून मागितली. मी दिली नाही."

"विचारलं तेवढंच सांगा."

"तेच सांगतोय, साहेब. माझंही नाव लिहा तिच्या नावाखाली."

त्याचं नाव कोणी लिहिलं नाही. तिला दीड वर्षाची शिक्षा झाली.

आता मी पोलिसांच्या मालखान्यात सुऱ्या-कोयत्यांबरोबर पडून आहे. तीन नंबरच्या दाराला नवं कुलूप लागलंय. आत अजून कोणी राहत नाही. कधीतरी मला भंगारात काढतील, भट्टीत टाकतील. वितळवणाऱ्या बाबांनो, माझी बिजागरी करा, खिळा करा, म्हातारीच्या काठीचं टोक करा. पण परत कुलूप करू नका. पाया पडतो.