सोलीनची थोडक्यात ओळख

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या भीमजयंतीला रेगे संगीत गाणारी फ्रेंच गायिका सोलीन बोलवायची, हे कमिटीच्या गळी उतरवायला सीमाला तीन वर्षं लागली. हॉस्पिटलात नर्स असलेली सीमा रोज बसमध्ये सोलीनची गाणी ऐकायची. एकही शब्द कळत नसे. पण तो घोगरा, निवांत आवाज ठेक्याच्या जरासा मागून यायचा आणि ड्यूटीचा शीण उतरायचा. आपल्या माणसांनी हे एकदा ऐकावं, एवढंच तिला हवं होतं. कमिटीनं बजावलं होतं, फसलं तर पुन्हा असला हट्ट नको.

अध्यक्ष दादासाहेब, म्हणजे तिचे सासरे, म्हणाले, "पाहुण्यांची ओळख मी करून देतो. थोडक्यात."

घात झाला तो इथेच.

हॉल पाचपर्यंतच होता. चारला दादासाहेब उभे राहिले आणि ओळख फ्रेंच राज्यक्रांतीपासून सुरू झाली. सव्वाचारला ते समतेवर आले, साडेचारला बंधुतेवर. गायिका अजून जन्मायची होती. सीमानं चिठ्ठी पाठवली, ती त्यांनी न उघडताच खिशात घातली. पन्नास वर्षं भाषणं करणाऱ्याला चिठ्ठीत काय असतं ते वाचावं लागत नाही. मग शाल, पुष्पगुच्छ आणि शाल आणणाऱ्यांचाही सत्कार. ठीक पाचला हॉलच्या केअरटेकरनं दिवे बंद केले.

सीमाला रडूच फुटलं. सोलीननं तिच्याकडे पाहिलं, शाल तशीच अंगावर ठेवून गिटार उचलली आणि कार पार्कमध्ये जाऊन गायला लागली. ना माईक, ना प्रास्ताविक. घरी निघालेली माणसं गाडीच्या किल्ल्या हातात धरून थबकली. तिच्या सासूबाई चंदाबाई भज्यांचा डबा बॉनेटवर ठेवून टाळ्या वाजवू लागल्या. दादासाहेब उरलेल्या भाषणाचे सात कागद घेऊन उभे होते. तिसऱ्या गाण्यापर्यंत ते कागद कुठे गेले, त्यांनाही कळलं नाही.

"कळत तर काहीच नाही गं," ते चष्मा पुसत म्हणाले. "पण आमच्या गावचा शाहीर असाच दमानं गायचा. पुढच्या वर्षी ओळख कॅन्सल. आधी हिला गाऊ दे."

"खरंच, बाबा?" सीमाचे डोळे पुन्हा भरून आले.

"खरंच. मी फक्त आभार मानीन. थोडक्यात."