वरपक्षाचा अहवाल

आणीबाणीचं वर्ष. मद्रासच्या एका विद्यापीठात विशालाक्षीबाई तंजावरी मराठी लग्नगाणी शिकवीत. वधूकडच्या बायका वराकडच्यांना नावं ठेवतात, ती गाणी. अकरा वर्षं दारोदार फिरून त्यांनी ती म्हाताऱ्यांकडून उतरवून घेतलेली. त्यांतल्या निम्म्या आता गेल्या. त्यांचे गळे उरले होते ते या वर्गातच.

आणि नेमकं एका गाण्यावर बालंट आलं.

पुढे आलं पोट, मागून आले व्याही,
जेवायची घाई, बोलायची नाही.

सरकारने विद्यापीठाच्या मंडळावर नेमलेल्या एका सभासदांना हे पोट आपलंच वाटलं. हुकूम निघाला: निरीक्षक एक तास वर्गात बसेल, शब्द न् शब्द उतरवील, अहवाल वाईट आला तर विषय बंद.

निरीक्षक राघोत्तमराव तंजावरकडचेच, पण चेहरा सचिवालयाच्या भिंतीसारखा.

"शिकवा अक्का. मी इथे नाहीच, असं समजा."

"ते कसं व्हावं? मुली सगळ्या वधूपक्ष. समोर एकटे तुम्ही."

"मी सरकारचा माणूस."

"वरपक्षाचाही हाच तोरा असतो," मागच्या बाकावरची तुळसी म्हणाली.

विशालाक्षीबाईंनी डोळे वटारले. पण तोवर तिच्या शेजारच्या कनकाने सूर लावला होता, आणि लग्नातलं गाणं मध्ये तोडत नाहीत.

आला बाई पाहुणा, वही त्याच्या हाती,
लिहितो कसा, जसा कोंबडा उकरी माती.

राघोत्तमरावांचं पेन थांबलं. रीत अशी, की गाण्याला गाण्यानेच उत्तर द्यायचं; गप्प बसला त्याच्या घराण्याचं नाव पुढच्या सात लग्नांत निघतं. मुली वाट बघत होत्या. ते खाकरले. डोळे मिटले.

तुमच्या सांबारात बुडी मारली, बाई,
तळाशी गेलो तरी डाळ लागली नाही.

वर्ग खळाळला. कनका थोडीच ऐकते? घंटा झाली तेव्हा दोन्ही पक्षांचे घसे बसले होते. राघोत्तमरावांनी वहीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"शब्द न् शब्द लिहायचाय ना?" विशालाक्षीबाई हळूच म्हणाल्या. "सांबाराचंही लिहा."

"अक्का, तुम्ही मला वरपक्षाच्या पाटावर बसवलंत."

"बसलात तुम्ही. हे गाणं शिकवलं कोणी?"

"अम्माने," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले. "आमच्या सगळ्या लग्नांत वरपक्षाची बाजू तीच राखायची."

तिसऱ्या दिवशी अहवाल आला. 'गाणी रूढीची आहेत, रोख कोणा व्यक्तीवर नाही. मात्र वरपक्षाची उत्तरं अभ्यासक्रमात नसल्याने विषय एकतर्फी होतो. दोन आठवडे वाढवावेत. उत्तराचा एक नमुना सोबत जोडला आहे.'

दोन्ही बाजू हव्यात, हे तर सरकारचंच म्हणणं. मंडळाने मुकाट्याने सही केली.

रविवारी विशालाक्षीबाई मांबळमला राघोत्तमरावांच्या अम्माकडे, अन्नपूर्णाबाईंकडे, कोरी वही घेऊन गेल्या. म्हातारीने त्यांना दारातच आपादमस्तक न्याहाळलं.

"वधूपक्षाची का तू? ये, बस. आधी कॉफी पी. मग सांगते तुमच्या घराण्याचं."