मागं मोकळं

धुकं. पाटाच्या पाण्यावर टेकलेलं. शुभ्र, जड, उठायला तयार नसलेलं.

लांब दांड्याची हातोडी, दाराआड उभी. दांडा तळहाताच्या घामाने काळा.

साखर, उपाशीपोटी, दोनशे बारा.

ऊस, ऊस आणि ऊस. वर तुऱ्यांची राखाडी दाटी.

पितळी शिट्टी, काळ्या गोफात.

उजव्या चपलेचा अंगठा, दोनदा शिवलेला.

आणि मागं कुणीतरी.

*

पौषातली सकाळ उजाडत होती, पण उजाडण्याला रंग नव्हता. पूर्वेला नुसतीच एक फिकट ओल होती. पाटाचा मुरमाड रस्ता दहा पावलं दिसत होता आणि अकराव्या पावलाला विरघळत होता. झाडं नव्हती, झाडांच्या सावल्या उभ्या होत्या. पाणी नव्हतं, पाण्याचा आवाज वाहत होता.

त्या विरघळत्या रस्त्यावरून केरबा चालत होता. त्याच्यामागे पाच-सात पावलांवर हौसा, त्याची बायको. डोक्यावरून पदर, पदरावर शाल, आणि गळ्यात मंगळसूत्राच्या शेजारी ती पितळी शिट्टी.

दर वीस पावलांनी केरबा मान न वळवता विचारायचा, "मागं?"

दर वीस पावलांनी हौसा सांगायची, "मोकळं."

वीस पावलं. मागं? मोकळं. वीस पावलं. मागं? मोकळं. जणू धुक्याच्या कापडाला कुणी लांब टाके घालत होतं, आणि त्या टाक्यांवरच एक माणूस अखंड राहिला होता.

*

केरबा रेल्वेतला चावीवाला. रुळाला त्याखालच्या आडव्या पट्ट्यांशी, स्लीपरशी, जखडून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या असतात. गाड्या धडधडत जातात, चाव्या सैल होतात. रोज सकाळी सहा किलोमीटर लाइन पायांनी चालायची, सैल चावी नजरेने हेरायची, हातोडीने ठोकून बसवायची. एकतीस वर्षं. उन्हाने तापलेल्या खडीवरून, पावसाने काळवंडलेल्या खडीवरून, दवाने चकाकणाऱ्या खडीवरून. त्याचं पाऊलच स्लीपरच्या मापाचं झालं होतं. लग्नाच्या वरातीतही तो त्याच मापाने चालायचा आणि लोक हसायचे.

चावी बघणाऱ्याची नजर जमिनीला बांधलेली. त्याला मागचं दिसत नाही. म्हणून त्याचं मागचं इलाही बघायचा.

इलाही मुल्ला. बगलेत झेंड्या, गळ्यात गाडी दिसताच वाजवायची शिट्टी, तोंडात लवंग. दर वीस पावलांनी केरबा विचारायचा, "मागं?" आणि इलाही ओरडायचा, "मोकळं!" कधी म्हणायचा, "मोकळं! तुझ्या टकलासारखं!" केरबा हातोडी उगारायचा. दोन्ही बाजूंच्या उसात ते हसू शिरायचं आणि पाखरं उडायची.

दोन वर्षांपूर्वीचा पौष. असंच धुकं. रूळही पांढरे, खडीही पांढरी, मागची दिशा पुसलेली.

केरबाने विचारलं, "मागं?"

आणि मग

*

आणि मग केरबा लाइनीबाहेर, खडीच्या उतारावर, हाताची सालटं निघालेला. आणि त्याच्या डोक्यावरून जाणारी गाडी, डब्यामागून डबा, डब्यामागून डबा, संपत नसलेली.

इलाही उरला नाही.

चौकशीत केरबाने सांगितलं, "इचारलं. उत्तर आलं न्हाई. म्हणून उडी टाकली." साहेबांनी लिहून घेतलं. इलाहीच्या घरी जाऊन त्याच्या म्हाताऱ्या आईपुढे त्याने तेच सांगितलं. हौसालाही तेच. उत्तर आलं न्हाई. एवढं एक वाक्य त्याने दोन वर्षं जिभेखाली धरलं. गोळी विरघळेना, थुंकताही येईना.

*

मग केरबा बसला.

नोकरी सोडून बसला. पाठ भिंतीला लावून बसला, कारण भिंतीतून मागून काही येत नाही. उन्हं दारातून आत आली, त्याच्या पावलांपर्यंत सरकली, परत गेली. एकतीस वर्षं चाललेले पाय आधी जड झाले, मग बधिर झाले, मग परक्याचे झाले. तळव्यांना मुंग्या, डोळ्यांपुढे अंधारी. जेवण नकोसं, झोप उथळ. डोळा लागला न लागला तोच कानात रूळ गुणगुणू लागत आणि केरबा घामाने भिजून उठे.

गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या तळव्यावर पेनाचं टोक टोचलं. केरबाला काही कळलं नाही. त्यांनी पुन्हा टोचलं. केरबा खिडकीबाहेर बघत होता.

"मामा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "साखरेच्या गोळ्या मी लिहून देते. पण नुसत्या गोळ्यांवर हे पाय राहायचे नाहीत. रोज चाला. अर्ध्या तासाने सुरू करा. कुणी सांगितलं म्हणून एक दिवस नाही, रोज."

घरी येऊन केरबा भिंतीला टेकला. "चालायला काय न्हाई गं. पर मागं कोण बघंल?"

"मी हाय की."

"तू काय बघणार?"

"एकतीस वर्षं तुमची वाट बघितली," हौसा म्हणाली, "आता पाठ बघती." आणि खुंटीवरच्या पिशवीतून त्याची नोकरीतली शिट्टी काढून तिने गळ्यात घातली.

*

पाटावर तीन मोऱ्या, कठड्याचे छोटे पूल. पहिली घराजवळ, दुसरी पिंपरणीच्या झाडापाशी, तिसरी दूर, जिथे पाट वळतो.

पहिल्या मोरीपर्यंत जायला भाद्रपद गेला. तेवढ्या रस्त्यात केरबाने किती वेळा मागे पाहिलं, ते पाटालाच ठाऊक. वारा आला की मागे बघ. पान पडलं की मागे बघ. सायकलची घंटी वाजली तर तो थेट उसात. सायकलवरचा दूधवाला थांबून म्हणाला, "मामा, सायकल हाय वो, इंजान न्हवं!" केरबा उसातून बाहेर आला, अंगभर कुसळं, आणि कितीतरी महिन्यांनी हौसाला त्याच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललेलं दिसलं.

दुसऱ्या मोरीपर्यंत आश्विन आणि कार्तिक. आणि चालता चालता, कुणी दार न वाजवता, एकेक हरवलेली वस्तू घरी परत येऊ लागली.

आधी भूक आली. भाकरीच्या पापुद्र्याचा वास केरबाला चुलीपासून अंगणापर्यंत ओळखू आला.

मग झोप आली. उथळ नव्हे, तळ असलेली.

मग एका सकाळी पाय आले. मुरमाचा एक टोकदार खडा चपलेत शिरला आणि केरबा कळवळला. कळवळला आणि थबकला. "हौसा," तो म्हणाला, "खडा टोचला गं." खडा टोचल्याचा असा आनंद त्या पाटाने कधी ऐकला नसेल. हौसाने तो खडा पदराच्या गाठीत बांधला.

पोटऱ्या भरल्या. श्वास लांब झाला, छातीत खोल उतरू लागला, पाटाच्या पाण्यासारखा संथ. मनही चालू लागलं. भिंतीशी बसलेलं मन एकाच ठिकाणी गरगरत होतं. चालणारं मन मात्र कधी बगळा बघे, कधी उसाचा तुरा, कधी पाण्यात पडलेलं कोवळं ऊन, आणि तेवढ्यापुरतं भ्यायचं विसरे.

तेवढ्यापुरतंच. कारण वीस पावलं झाली की भय आपल्या जागी हजर.

मागं?

मोकळं.

*

आणि पौष आला. आणि आज धुकं आलं.

"आज ऱ्हाऊ दे?" दारात उभं राहून हौसाने विचारलं होतं.

केरबाने धुक्याकडे पाहिलं. धुक्याने केरबाकडे पाहिलं. "रोज म्हणल्यात डॉक्टरीणबाई," तो म्हणाला, आणि चपला घातल्या.

पहिली मोरी आली, गेली. दुसरी मोरी आली, गेली. आता तिसऱ्या मोरीकडचा रस्ता. आजवर न चाललेला, दोन्ही बाजूंनी उसाच्या भिंती, पायाखाली मुरूम, वर पांढरा अंधार. वीस पावलं.

"मागं?"

पाणी वाहत होतं.

केरबाने ऐकलं नसेल. केरबाने हळू विचारलं असेल. त्याने आणखी वीस पावलं टाकली. टाकली नाहीत, पायांनी आपोआप टाकली. त्याच्या मानेवरचे केस एकेक करून उभे राहिले.

"मागं?"

पाणी.

"हौसा? मागं?"

पाणी, पाणी, आणि पाण्यामागे कुठेतरी एक अस्फुट घरघर. दूरच्या रस्त्यावरचा ट्रॅक्टर असेल. पंप असेल. पण केरबाच्या कानात ती रुळांतून आली, तळव्यांतून चढली, गुडघ्यांतून, मणक्यातून, आणि मस्तकात तिचं इंजिन झालं. आता त्याच्या पाठीला डोळे नव्हते. पाठ उघडी होती. पाठीच्या जागी नुसतं भोक होतं आणि त्यातून पौषाचा वारा वाहत होता.

त्याचा उजवा पाय बाजूला उचलला गेला. उताराकडे. उसाकडे. बाहेर. अंगाला ती एकच गोष्ट ठाऊक होती: बाहेर पड, केरबा, बाहेर पड, मागं बघू नको, बाहेर

पाय हवेत राहिला.

एकदा तो असाच बाहेर पडला होता, इलाहीला मागं टाकून.

पाय खाली आला. रस्त्यावर आला. आणि केरबा वळला. चार महिने चालून परत मिळवलेल्या दोन पायांवर, ज्या दिशेचं नाव त्याने दोन वर्षं भयाने घेतलं होतं त्या दिशेला तोंड करून वळला.

आणि चालला. मागे चालला. घरघरीकडे चालला. पंधरा पावलं, तीस पावलं. पोटऱ्या धरून होत्या, श्वास तुटत नव्हता, खडा खड्यासारखा टोचत होता. चाळीस पावलं. धुक्यात एक काळा गोळा. जमिनीवर. न हलणारा.

"हौसा!"

गोळा हलला. दुसऱ्या मोरीच्या कठड्याला टेकून हौसा खाली बसली होती, मांडीवर चप्पल, दातांत पिन.

तिने पिन तोंडातून काढली. "काय झालं वो? भूत बघितल्यागत का करताय?"

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. तिचा खांदा त्याने चाचपला, मग कोपर, मग मनगट, बांगड्या, जणू एकेक चावी जागेवर आहे ना ते बघत होता.

"अंगठा तुटला चपलेचा," हौसा म्हणाली.

"मी इचारलं. तू बोलली न्हाईस."

"तोंडात पिन हुती. गिळू काय?"

"मग शिट्टी? शिट्टी कशापायी घातलीयास गळ्यात?"

"चपलेसाठी शिट्टी वाजवत्यात व्हय?" ती हसली, आणि त्याच्याकडे पाहून तिचं हसू थांबलं. त्याच्या गालांवर ओल होती, आणि ती धुक्याची नव्हती. तिने आजूबाजूला पाहिलं: तो ज्या बाजूने आला ती बाजू, तो धुक्यात टाकून आलेला रस्ता. "तुम्ही मागं आलासा," ती सावकाश म्हणाली. "माघारी आलासा. एकटं."

केरबाने मान हलवली.

हौसाने पिन टोचली, चप्पल पायात घातली, त्याच्या खांद्यावर हात ठेवून उठली.

"तू म्होरं हो," केरबा म्हणाला. "मागं मी हाय."

*

मग त्या रस्त्यावरून एक बाई पुढे चालू लागली आणि एक माणूस मागे. बाईची चप्पल फटफटत होती. माणसाचं पाऊल स्लीपरचं माप शोधत होतं. ते सापडेना तेव्हा त्याने बाईचं माप घेतलं.

वीस पावलांनी हौसाने, मान न वळवता, थट्टेने विचारलं, "मागं?"

उत्तर आलं नाही. तिने घाई केली नाही.

"हौसा," मागून आवाज आला, "त्या दिवशी मी खोटं—" आणि थबकला. पावलंही थबकली.

"थांबू नका," ती म्हणाली. "चालत चालत सांगा. बसलं की तुम्ही गप बसता."

पावलं पुन्हा सुरू झाली. आवाज सुरू झाला. अडखळत, खडीवरून चालावं तसा, मग हळूहळू लांब श्वासाचा. पाटावरचं धुकं टोकाकडून उचललं जात होतं. आधी पाणी दिसलं, मग पाण्यातला बगळा, मग तुऱ्यांवरचं फिकट, भित्रं, सोनेरी ऊन. आणि त्या उन्हात तिसऱ्या मोरीकडे जाणाऱ्या दोन पाठी, एकीमागे एक, दूर, आणखी दूर.

त्या सकाळी उत्तर आलं होतं. इलाहीने शिट्टी दोनदा वाजवली होती, दुसरी अर्धीच.