सातव्या डावानंतर कोणी बोललं नाही

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे. थंडीत घालतात तो नव्हे. बेसबॉलमध्ये बॅट्समनच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा जो गडी असतो ना, त्या कॅचरच्या डाव्या हातातला. गाईच्या चामड्याचा, उशीसारखा जाड. आता माझी शिवण उसवली आहे आणि खरं सांगायचं तर मी फार दमलो आहे. बोलायचंसुद्धा जिवावर येतं. पण एक गोष्ट छातीवर बसून राहिली आहे, ती सांगून टाकतो.

कान्सासमधल्या एका लहानशा कॉलेजात शिकणाऱ्या हार्लन उन्रूने मला विकत घेतलं. तेव्हा मी नवा होतो आणि दगडासारखा कडक होतो. हार्लनने मला तेल चोळलं, पोटात चेंडू ठेवून सुतळीने करकचून बांधलं आणि आठवडाभर गादीखाली दाबून ठेवलं. जीव नकोसा झाला! पण त्यामुळेच माझ्या पोटात चेंडूच्या मापाची खळगी पडली, आणि मी कामाचा झालो.

त्या खळगीत सगळ्यांत जास्त चेंडू टाकले ते डेल पिकेटने. डेल आमचा पिचर, म्हणजे बॅट्समनला चेंडू टाकणारा. उंच, हडकुळा, कमी बोलणारा. त्याचे वडील गव्हाच्या कोठारात राबायचे आणि त्यांची छाती धुळीने भरलेली असायची. डेलला त्या कोठारात जायचं नव्हतं. त्याच्याजवळ होता फक्त उजवा हात, पण काय हात होता! त्याचा चेंडू माझ्यात शिरला की बंदुकीचा बार उडाल्यासारखा आवाज व्हायचा आणि हार्लनचा तळवा संध्याकाळपर्यंत लाल राहायचा.

आमच्याकडे दरवर्षी देशभरातल्या कॉलेजांतून सगळ्यांत चांगले खेळाडू निवडून त्यांचा एक संघ जाहीर करतात. त्याला ऑल-अमेरिकन म्हणतात. हा संघ मैदानात कधी उतरत नाही बरं का, तो नुसता कागदावर असतो. पण त्या कागदावर नाव यावं म्हणून पोरं जिवाचं रान करतात. आमच्या कॉलेजातून तोवर एकाचंही नाव त्यात गेलं नव्हतं.

आमचे कोच स्टब्ज डेलला म्हणाले, "पिकेट, यादीत नाव लागलं ना, की मोठे संघ तुझ्या दाराशी रांग लावतील. नाही लागलं, तर आहेच कोठार, फावडं आणि तू."

"हो, कोच," डेल एवढंच म्हणाला.

मे महिन्यातला शेवटचा सामना होता. यादीसाठी मतं देणारे दोन पत्रकार लांबून आले होते. डेलने असा खेळ मांडला की सहा डाव झाले तरी समोरच्या संघाला एकही हिट मिळाली नव्हती, म्हणजे कोणालाही त्याचा चेंडू टोलवून धावत पहिला टप्पा गाठता आला नव्हता. नऊच्या नऊ डाव असं राखणं म्हणजे पिचरच्या जन्माचं सोनं होणं.

आता आमच्या लोकांची एक रीत ऐका. असं काही चाललं असलं की त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. एवढंच नाही, त्या पिचरशी बोलायचंच नाही. त्याच्या शेजारी बसायचं नाही, त्याच्याकडे बघायचं नाही. नाहीतर दृष्ट लागते. डेल बाकाच्या एका टोकाला बसला आणि सगळा संघ दुसऱ्या टोकाला दाटीवाटीने सरकला.

सातव्या डावात मला पहिल्यांदा कळलं. चेंडू नेहमीच्या जागी येईना, वीतभर खाली पडायला लागला. आवाजही बसका झाला. हार्लनने दोन बोटं दाखवली, म्हणजे चेंडू वळवून टाक. तो टाकायला कोपराला जोराचा पीळ द्यावा लागतो. डेलने मान हलवून नाही म्हटलं. पुन्हा दोन बोटं, पुन्हा नाही. हार्लनचा तळवा माझ्या आत घामाने ओला झाला. त्यालाही कळलं होतं.

डाव संपल्यावर हार्लन पाण्याचा पेला घेऊन डेलच्या दिशेने निघाला. कोचने त्याचा सदराच धरला.

"उन्रू! वेड लागलंय का तुला? अपशकुन करतोस? गप बस खाली!"

"कोच, त्याचा हात..."

"त्याच्या हाताला काय धाड भरलीय? अजून एकही हिट नाही दिली त्याने! दोन डाव राहिलेत, सहा माणसं बाद करायचीत फक्त. बस!"

हार्लन बसला. मी त्याच्या मांडीवर होतो. मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती हो! पण हातमोज्याला कुठलं आलंय तोंड.

डेलने नऊही डाव पुरे केले. शेवटच्या चेंडूला काहीतरी तुटल्यासारखा त्याचा चेहरा झाला, पण तो चेंडू माझ्यात आला आणि बॅट्समन बाद झाला. मग रीतीप्रमाणे कॅचरने धावत जाऊन पिचरच्या अंगावर उडी मारायची. हार्लन धावला, आणि जवळ पोचून थबकला. डेलला उजवा हात वर करता येत नव्हता. मागून बाकीचे आले आणि आनंदाच्या भरात त्याच्यावर कोसळले.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. यादीत नाव लागलं होतं, ऑल-अमेरिकन! मानचिन्ह म्हणजे शिसवी लाकडावर पितळी पत्रा आणि त्यावर डेलचं नाव. ते घ्यायला डेल गळ्यात हात बांधून गेला आणि त्याने ते डाव्या हाताने घेतलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा हात आता पिचिंगचा राहिला नाही. मोठ्या संघांचं कोणी आलं नाही. पुढल्या गव्हाच्या हंगामात डेल कोठारात गेला.

हार्लनने मला पुन्हा हातात घातलं नाही. गॅरेजमधल्या खिळ्याला टांगलं. किती वर्षं गेली कोण जाणे. उंदरांनी माझी वादी कुरतडली, चामडं तडकलं. तेलाचं बोट नाही की मायेचा हात नाही.

मागच्या शरदात डेल आला. पांढरे केस, वडिलांसारखाच खोकला. दोघे गॅरेजमध्ये बिअर घेऊन बसले होते. कसा कोण जाणे, हार्लन एकदम बोलून गेला.

"डेल, मला कळलं होतं रे. सातव्या डावातच."

"माहितीये मला. नंतर तू दोन बोटं दाखवायचीच बंद केलीस."

"मी आलो असतो, विचारलं असतं, तर... तू थांबला असतास?"

डेलने बाटलीवरचं लेबल नखाने सोलून काढलं.

"हो," तो म्हणाला. "मला स्वतःहून सांगवत नव्हतं रे. पण मी तिथे बसून वाट बघत होतो, कोणीतरी विचारेल म्हणून. वाटलं, तू तरी येशील."

हार्लन तोंडावर हात घेऊन रडला. डेलने डावा हात त्याच्या पाठीवर ठेवला.

मित्रांनो, माझ्यासाठी काही मागत नाही. मला तेल लावा नाहीतर चुलीत घाला, माझं काम झालं आहे. पण तुमच्यातला कोणी मोठ्या मानाच्या उंबरठ्यावर एकटा बसला असेल आणि सगळे त्याच्यापासून लांब सरकले असतील, तर रीत मोडा. जाऊन त्याला विचारा, "दुखतंय का रे?" सामना हातचा गेला तर जाऊ द्या. सामना पुन्हा खेळता येतो.