आठवं दशांश स्थळ

गोपिका नंदनवारनं नव्या पुस्तकाचं प्लास्टिक दातानंच फाडलं. मनीषनगरच्या क्लासच्या ऑफिसात केशव पराते सर समोरच बसले होते, पण त्यांच्याकडे कात्री मागण्याइतका धीर तिला कुठला! मुखपृष्ठावर ‘लॉग सारणी : पाया दोन ते बारा, दहा दशांश स्थळांपर्यंत’ आणि खाली एकट्या सरांचं नाव. तिला आतून बरंच वाटलं. चोर असाच कोडगा हवा होता.

पहिली सारणीही तिनंच दोन वर्षं राबून करून दिली होती. नाव लागलं सरांचं. बारावीच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, त्यामुळे ती सारणी घरोघरी गेली आणि सर मोठे झाले. तेव्हापासून गोपिकानं डूख धरला होता. या वेळी तिनं सातच्या पायाला अकराचा लॉग, १.२३२२७४४०५९, लिहिताना आठव्या स्थळी शून्याऐवजी सहा टाकला. हा सहा मुद्दाम टाकलाय, असं एका कागदावर लिहून तो पाकिटात घातला आणि शिक्क्यावरची तारीख पुरावा राहावी म्हणून ते पाकीट स्वतःच्याच नावानं रजिस्टर पोस्टानं पाठवून, आल्यावर बंदच ठेवलं. उद्या शिक्षकांच्या सभेत ते फोडायचं, म्हणजे सरांची चोरी सगळ्यांदेखत उघडी पडणार होती.

तिनं पान काढलं. ओळीवरून सरकणारं बोट थांबलं. तिथं शून्यच होतं.

“तेवढा एकच आकडा चुकला होता तुमचा, मॅडम.”

सरांनी म्हणे दहा महिने बसून सगळी सारणी नव्यानं मोजली होती. त्यांनी ड्रॉवरमधून मुखपृष्ठाचं प्रूफ काढलं. त्यावर दोन नावं होती. वरचं तिचं होतं, आणि लाल पेनानं खोडलेलं होतं.

“यावेळेस तुमचंच नाव पहिले टाकून राहिलो होतो. मागचं मले खातच होतं. पण ही चूक दिसली अन् भेलो, अजून किती निंगतीन म्हणून. नाव खोडलं. सगळं तपासून होईपर्यंत कव्हर छापून गेलं. दुसऱ्या आवृत्तीत टाकतो. वय झालं का होते अशी नजरचूक.”

प्रूफवर तिचं नाव पुन्हा लिहायला त्यांनी पेन उघडलं. गोपिकानं नुसती मान हलवली असती, की नाव तिचं झालं असतं. पण तीस वर्षांच्या आकडेमोडीत तिचा एकही आकडा चुकला नव्हता.

“नजरचूक नव्हती, सर,” ती म्हणाली. “तो सहा मी जाणूनबुजून टाकला होता.”

सरांनी पेनाला टोपण लावलं.